जुनी स्पोर्ट-टूरर: किलोमीटर की वर्षं?

या वेळच्या टपालात जुन्या स्पोर्ट-टूरर, म्हणजे वेगवान पण लांब प्रवासाच्या मोटरसायकलींबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यातले बहुतेक किती किलोमीटर झाले याभोवती फिरतात. उत्तरांमध्ये मात्र वारंवार वर्षांचा उल्लेख येईल. या गाड्यांची इंजिनं सहसा थकत नाहीत. थकतात त्या रबरी नळ्या, वायरींचे जोड, सील आणि आतली द्रव्यं, आणि गाडी उभी राहिली म्हणून त्यांचं वय थांबत नाही.

प्रश्न: लांब पल्ल्यासाठी सगळे उंच ॲडव्हेंचर गाडी घ्या म्हणतात. मला जुनी स्पोर्ट-टूरर आवडते. ती घेण्यात अर्थ आहे का, आणि कोणती बघावी?

रस्ता डांबरी असेल तर नक्की अर्थ आहे. फेअरिंग (पुढचं प्लास्टिकचं आवरण) आणि काच छातीवरचा वारा अडवतात, हँडल रेसिंग गाडीपेक्षा वर असतं, टाकी मोठी असते आणि वजन खाली असल्याने वळणात गाडी ठाम राहते. उंच गाड्यांची लाट आली तसं या वर्गाकडे कुणी फिरकेनासं झालं. यात यंत्राचा काही दोष नव्हता.

दोघांनी सामानासकट जायचं असेल तर होंडा एसटी११०० पॅन युरोपियन बघा. १९९० ते २००२ पर्यंत निघालेली, १०८४ सीसी व्ही-४ इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणारी रचना), २८ लिटरची टाकी. पेट्रोल भरून वजन तीनशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे ती जागेवर मागेपुढे ढकलून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. चालताना हलकी वाटते, पार्किंगमध्ये नाही. त्याच कामाची पण नव्या पिढीची गाडी म्हणजे यामाहा एफजेआर१३००. ती २००१ मध्ये आली, १२९८ सीसी, तीही शाफ्टवर चालणारी.

एकट्याने जायचं आणि घाटरस्त्यांची हौस असेल तर होंडा व्हीएफआर८००. १९९८ ते २००१ च्या गाडीत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) गिअरने फिरतात. २००२ पासून चेन आणि व्हीटेक (वेगाप्रमाणे चालू व्हॉल्व्हची संख्या बदलणारी पद्धत) आलं, आणि त्यासोबत टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याचं काम किचकट झालं. निवड असेल तर आम्ही आधीची घेऊ. ट्रायम्फ स्प्रिंट एसटी हा तीन सिलिंडरचा पर्याय, १९९९ पासून ९५५ सीसी आणि २००५ पासून १०५० सीसी. खालच्या आरपीएमवरची तिची ओढ या यादीत सगळ्यात गोड. कावासाकी जीटीआर१००० ही १९८६ ची रचना. अमेरिकेत कॉन्कोर्स नावाने ती २००६ पर्यंत जवळपास तशीच विकली गेली. स्वतः पाना हातात घेणाऱ्याने ती बिनधास्त घ्यावी, मेकॅनिकच्या भरवशावर राहणाऱ्याने नको. कारण पुढे कार्ब्युरेटरच्या उत्तरात येईल.

प्रश्न: एकाच मॉडेलच्या दोन गाड्या समोर आहेत. एक १८,००० किमी चाललेली पण सहा वर्षं उभी, दुसरी ७०,००० किमी आणि दर महिन्याला चालवलेली. पहिली घ्यावी ना?

बहुधा दुसरी. सहा वर्षं उभ्या गाडीत पेट्रोलचा डिंक झालेला असतो, ब्रेकच्या पिस्टनवर पांढरी बुरशीसारखी भुकटी जमते, फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर सीलच्या रेषेत गंजाचे टिपके येतात आणि टायर दगडासारखे होतात. रनिंग कमी असल्याने विकणारा किंमत चढी सांगतो आणि वर हा सगळा खर्च तुमच्या माथी येतो.

बघायला जाल तेव्हा "गाडी आधी सुरू करून ठेवू नका" असं फोनवरच सांगा. पोचल्यावर इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर थंड इंजिनाची तक्रार तुमच्यापासून लपवली जाते आहे असं धरून चाला. चालू करण्यापूर्वी टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा, तळाशी लालसर गाळ दिसतो का. टायरच्या भिंतीवर कोडच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी सहा वर्षांवरचा टायर आम्ही बदलायचा धरून भाव करतो.

मेन स्टँडवर मागचं वजन दाबून पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. फोर्कच्या नळीवर नख फिरवा. नख अडलं तिथे नवं सीलही टिकणार नाही, कारण तो खड्डा सीलची कड कापत राहतो. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर कॅलिपरने मोजा, नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. एसटी११०० असेल तर स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या सांगाड्याच्या) आडव्या भागाखाली झोपून टॉर्च मारा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पाणी आणि चिखल साठून तो आतून सडतो, वरचा रंग शाबूत असतानाही. आवाज टणक आला पाहिजे, भदभद नाही.

मग सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागेपर्यंत जागेवर चालू ठेवा. ही दहा-पंधरा मिनिटं कुणी देत नाही, पण थर्मोस्टॅट, पंख्याचा स्विच आणि हेड गास्केट या तिघांची परीक्षा त्यात होते. शेवटी चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये जोरात पिकअप घ्या. गिअर निसटला तर तिथेच नमस्कार करून परत या. तो खर्च इंजिन उघडण्याचा आहे.

प्रश्न: दिवसभर गाडी चांगली चालते, संध्याकाळी पेट्रोल भरायला थांबलो की स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरी नवी आहे. काय तपासू?

बॅटरी बहुधा निर्दोष आहे, तिला चार्जिंग पोचत नाही. या वयाच्या गाड्यांतलं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. वीस मिनिटांत एका साध्या मल्टिमीटरने दोष नेमका कुठे आहे ते कळतं, त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलत बसू नका.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन गरम करून, हेडलाइट लावून ५,००० आरपीएमला मोजा. १३.८ ते १४.६ च्या दरम्यान असेल तर यंत्रणा ठीक. १३ च्या खाली असेल तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) सुटलंय आणि ते बॅटरी उकळवेल.

चार्जिंग कमी असेल तर इंजिनातून आरआर युनिटकडे जाणाऱ्या तीन वायरींचा जोड शोधा. जपानी गाड्यांत त्या बहुतेक पिवळ्या असतात. हा जोड उघडल्यावर प्लास्टिक तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं दिसलं तर निम्मं निदान झालं. जोड सोडून, इंजिन बंद ठेवून तिन्ही वायरींच्या जोड्यांमध्ये रोध मोजा. तिन्ही आकडे सारखे आणि एक ओहमच्या आत हवेत. कोणत्याही वायरीचा इंजिनाच्या धातूशी संपर्क दिसला तर इंजिनातली वीज बनवणारी कॉइल जळलेली आहे. मग इंजिन सुरू करून ५,००० ला तिन्ही जोड्यांमधला एसी व्होल्टेज बघा, साधारण ५० ते ७० आणि तिन्ही ठिकाणी जवळपास सारखा. एखादी जोडी मागे पडली तर पुन्हा कॉइलच. तिन्ही सारख्या आणि तरी बॅटरीवर चार्जिंग नाही, तर आरआर युनिट किंवा त्याच्या पुढची वायर.

इथे घाई करू नका. गाडी ५,००० ला असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी आरआर युनिटच्या प्लस वायरीवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वीज वाटेतल्या जोडातच उष्णता होऊन वाया जाते आहे. मायनस बाजूलाही हेच करा. कित्येक चांगली युनिटं निव्वळ गंजलेल्या अर्थिंगमुळे फेकली जातात.

बदलायचंच असेल तर त्याच जातीचं जुनं युनिट बसवू नका. जुनी शंट पद्धतीची युनिटं जास्तीची वीज कॉइलला शॉर्ट करून जिरवतात आणि स्वतः भाजून निघतात. म्हणूनच एलईडी लावून भार कमी केला की युनिटला आराम मिळेल हा समज उलटा आहे. भार जितका कमी तितकी जास्त वीज त्याला जिरवावी लागते. शिंडेनगेनचं एफएच०२० हे मॉस्फेट युनिट शंटच आहे पण खूप थंड चालतं. एसएच८४७ सिरीज पद्धतीचं आहे, ते नको असलेली वीज तोडून टाकतं आणि त्यामुळे कॉइलही थंड राहते. युनिटसोबत जळका जोड कापून टाका आणि पाणी न शिरणारा नवा जोड नीट क्रिंप करून बसवा. नवं युनिट जुन्या जोडावर लावलं तर पुढच्या प्रवासात तेच होणार.

एसटी११०० घेणाऱ्यांसाठी जोडून एक गोष्ट. सुरुवातीच्या गाड्यांत अल्टरनेटर २८ अँपिअरचा, नंतरच्यांत ४० चा. २८ म्हणजे हातात साधारण ३८० वॅट, त्यातले ११० पर्यंत हेडलाइटच खातो. गरम जॅकेट, गरम मुठी आणि जादा दिवे एकाच वेळी लावायचे असतील तर नंतरचीच गाडी शोधा.

प्रश्न: कार्ब्युरेटरची टूरर तीन आठवड्यांनी सुरू करायला गेलो, स्टार्टर एकदा "ठक्" करून अडकला. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय. इंजिन जाम झालं का?

बटण पुन्हा दाबू नका. आत्ता एवढंच महत्त्वाचं आहे.

झालंय असं: टाकी कार्ब्युरेटरच्या वर आहे. व्हॅक्यूमवर उघडणाऱ्या पेट्रोल कॉकमध्ये एक पातळ रबरी पडदा असतो. तो कडक होऊन फाटला की इंजिन बंद असतानाही पेट्रोल झिरपतं. पुढचा पहारेकरी म्हणजे फ्लोटची नीडल, कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई. तिच्या टोकाला कचरा किंवा झिजेची खाच असेल तर पेट्रोल चेंबर भरून सिलिंडरमध्ये उतरतं. ९९७ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला सुमारे २५० सीसी येतात आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा २५-३० सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढं पेट्रोल आत असेल तर ते दाबलं जात नाही. स्टार्टरमध्ये मात्र कनेक्टिंग रॉड वाकवण्याइतका जोर असतो. कावासाकी जीटीआर१००० चे जाणकार मालक या एका गोष्टीला घाबरून असतात, आणि बरोबरच आहे. पण व्हॅक्यूम कॉक आणि खाली झुकलेले कार्ब्युरेटर असलेल्या कोणत्याही गाडीत हे घडू शकतं.

आता करायचं काय? बॅटरीची मायनस वायर काढा. टाकी उतरवा. सगळे स्पार्क प्लग काढून भोकांवर जुनी कापडं ठेवा. आसपास ज्योत, हीटर, चालू दिवा काही नको. मग क्रँकच्या टोकाच्या बोल्टवर पाना लावून हाताने, चालण्याच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवा. पेट्रोल भोकातून उडेल, डोळे वाचवा. फेरे मोकळे लागले तर बहुधा वाचलात. मगच बॅटरी जोडा, इग्निशनच्या प्लग वायरी नीट अर्थ करा किंवा इग्निशनचा फ्यूज काढा आणि स्टार्टरने काही सेकंद फिरवून उरलेलं बाहेर काढा. पेट्रोल मिसळलेलं ऑइल फिल्टरसह ओतून टाका. त्या ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवू नका, बेअरिंगवरची फिल्म त्यात टिकत नाही. सुरू झाल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकाचं बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आलं तर रॉड वाकून पिस्टन पूर्ण वर येत नाही अशी शंका घ्यावी.

कारण दूर केल्याशिवाय गाडी वापरू नका. कॉकची चाचणी सोपी आहे. पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरकडून काढून बाटलीत सोडा, कॉक "ऑन" वर, इंजिन बंद. रात्रभरात एक थेंबही पडता कामा नये. पडला तर दुरुस्ती किट किंवा, आमची पसंती, हाताने बंद होणारा साधा कॉक आणि प्रत्येक मुक्कामी तो बंद करण्याची सवय. फ्लोटच्या नीडल चारही एकदम बदला. त्यांच्या बसण्याच्या जागा कापसाच्या काडीने आणि धातूच्या पॉलिशने हलक्या हाताने चमकवा, सँडपेपर नको. फ्लोट चेंबरला ओव्हरफ्लो नळी बसवता येते. कार्ब्युरेटर उघडलेच आहेत तर ती बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पेट्रोल सिलिंडरऐवजी जमिनीवर पडेल आणि तुम्हाला दिसेल. तोवर रोज सकाळी सुरू करण्यापूर्वी ऑइलची काच बघा. पातळी वाढलेली दिसली तर बटणाला हात लावायचा नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचं आयुष्य आणखी घटतं. महिनाभराहून जास्त उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा आणि ओलावा राहत नाही. कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबरचे तळाचे स्क्रू सैल करून ते रिकामे करा.

प्रश्न: जोडब्रेक (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) असलेल्या गाडीचं मागचं चाक थोडं ओढल्यासारखं चालतं. मेकॅनिकने मागचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) साफ केला, फरक नाही.

मूळ पुढच्या चाकावर असण्याची शक्यता जास्त. होंडाच्या या काळातल्या जोडब्रेक पद्धतीत पुढचा डावा कॅलिपर एका खिळीवर किंचित फिरतो आणि फोर्कवरच्या दुय्यम मास्टर सिलिंडरला ढकलतो. तो दाब मागच्या ब्रेकला जातो. तो सिलिंडर किंवा खिळीचं बेअरिंग चिकटलं की दाब सुटत नाही आणि मागचा ब्रेक लागलेलाच राहतो.

मेन स्टँडवर मागचं चाक एकाने हाताने फिरवत राहावं, दुसऱ्याने पुढच्या डाव्या कॅलिपरला चाक पुढे फिरतं त्या दिशेने जोरात ढकलावं. मागचं चाक थांबलं पाहिजे आणि हात सोडताक्षणी मोकळं झालं पाहिजे. मोकळं होत नसेल तर गाडी चालवू नका. तापत गेलेला ब्रेक चाक पूर्ण जाम करू शकतो. खिळीचं बेअरिंग काढून साफ करा, ब्रेकसाठीची ग्रीस लावा. दुय्यम सिलिंडर उघडून परतीचं बारीक भोक जुन्या द्रव्याच्या गाळाने बुजलं आहे का पाहा. सील किट बदलल्यावर हवा काढताना मॅन्युअलमधला निपलचा (हवा सोडायच्या स्क्रूंचा) क्रमच पाळा. या पद्धतीत निपल बरेच असतात आणि क्रम चुकला की पेडल स्पंजासारखं राहतं.

ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी, रनिंग काहीही असो. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उताराला हा फरक थेट हाताला कळतो. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्यातलंही त्याच वेळी बदला, तेच सगळे विसरतात.

प्रश्न: शाफ्ट ड्राइव्ह म्हणजे देखभाल नाही, हे खरं ना?

कमी, नाही असं नाही. फायनल ड्राइव्हमध्ये एसएई ८०डब्ल्यू-९० हायपॉइड, जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. एका वेळी १५० ते २५० मिली, मॉडेलप्रमाणे. मेन स्टँडवर ठेवून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. काढलेल्या ऑइलात बोटाला लागणारी राखाडी पेस्ट चालेल, चमचमणारे तुकडे नाहीत.

खरी काळजी स्प्लाइनची, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दातांची. कोरडे राहिले की त्यांची धार होते आणि एक दिवस इंजिन ओरडतं पण गाडी जागची हलत नाही. मागचा टायर बदलाल त्या प्रत्येक वेळी चाक निघालेलंच असतं. दात कापडाने स्वच्छ पुसा आणि ६० टक्के मोलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट पातळ थराने लावा. साधी बेअरिंग ग्रीस चालत नाही, ती दाबाखाली बाजूला सरकते. फायनल ड्राइव्हचं घर उतरवलं असेल तर त्याचे नट आधी हाताने लावा, चाक आणि एक्सल बसवून एक्सल पक्का करा आणि मग ते नट कसा. या क्रमाने दात आपोआप सरळ रेषेत येतात.

प्रश्न: रहदारीत तापमानाचा काटा चढतो, महामार्गावर उतरतो.

पंखा. रेडिएटरवरच्या स्विचचा जोड काढून, चावी लावून वायरींना अर्थ द्या (दोन वायरी असतील तर एकमेकींना जोडा). पंखा फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज, मोटर, वायर या क्रमाने बघा. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या काही गाड्यांत पंखा ईसीयू (इंजिनाचा संगणक) चालवतो, तिथे मॅन्युअल उघडा. सोबत रेडिएटरच्या जाळीतली धूळ आतून बाहेर पाण्याच्या हलक्या धारेने काढा. कूलंट दोन वर्षांनी बदला, पन्नास टक्के कूलंट आणि पन्नास टक्के शुद्ध पाणी. नळाचं पाणी नको.

प्रश्न: मागे बायको बसली की वळणावर गाडी रुंद जाते आणि हेडलाइट आकाशात. शॉकअब्सॉर्बर बदलावा का?

आधी मोजा. गाडी उचलून मागचं चाक लोंबतं ठेवा आणि एक्सलपासून सीटच्या मागच्या पट्टीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर लिहा. मग पूर्ण पोशाखात बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. फरक ३० ते ४० मिमी हवा, पुढच्या फोर्कला ३५ ते ४०. मागे कुणी बसल्यावर स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) वाढवून पुन्हा त्याच आकड्याजवळ आणा. व्हीएफआर, एसटी यांच्या काही मॉडेलांत त्यासाठी हाताने फिरवायची गोल मूठ मिळते, तिचा खरा उपयोग हाच. मूठ शेवटपर्यंत फिरवूनही आकडा येत नसेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला पुरत नाही. आकडा येतो पण गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत राहते, तर शॉकअब्सॉर्बरमधलं ऑइल आणि गॅस संपलाय. तेव्हा दुरुस्त करता येणारा, योग्य स्प्रिंगचा शॉकअब्सॉर्बर हा या गाड्यांवर करण्यासारखा सगळ्यात चांगला खर्च. एक्झॉस्टवर पैसे घालण्याआधी हे करा.

फोर्क ऑइल लोक विसरतातच. वीस-पंचवीस हजार किमी किंवा तीन वर्षांनी बदला. भरताना मिलीपेक्षा पातळी महत्त्वाची: स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, नळीच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मिलिमीटरपर्यंत सारखं. टायरची हवा थंड असताना, बहुतेक १७ इंची रेडियल टायरांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. बऱ्याचदा "रुंद जाते" ही तक्रार ३० वर आलेल्या हवेचीच असते.

प्रश्न: फेअरिंग काढताना कडेचे कान (पॅनल अडकवायच्या पट्ट्या) तुटतात. नवं पॅनल मिळत नाही.

पॅनलच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस असेल तर काम सोपं. त्याच प्लास्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घालून वर ॲसिटोन ओता, एका दिवसात मधासारखी पेस्ट होते. हवेशीर जागी, आगीपासून दूर. तुटलेल्या कडा ॲसिटोनने पुसा, तुकडा टेपने जागेवर धरा आणि आतून पेस्टचे थर द्या. दोन थरांच्या मध्ये पितळी बारीक जाळी दाबून बसवली की कान मूळच्यापेक्षा पक्का होतो. दोन-तीन दिवस सुकू द्या, वरून कोरडा दिसला तरी आत मऊ असतो. पीपी (पॉलीप्रोपिलीन) कोरलेलं असेल तर ॲसिटोनचा उपयोग नाही, ते वितळवून वेल्ड करावं लागतं.

पुढच्या वेळी कान तुटू नयेत म्हणून फेअरिंग थंडीत काढू नका. पुठ्ठ्यावर गाडीच्या बाजूचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घुसवल्याने मागचं काहीतरी फुटतं. रबरी ग्रोमेटवर सिलिकॉनचा थेंब लावला की खिळ्या ओढल्याविना सुटतात.

प्रश्न: लांबच्या प्रवासात सोबत काय न्यावं?

टायर पंक्चरचं प्लग किट आणि छोटा पंप, मल्टिमीटर, प्रत्येक आकड्याचे दोन फ्यूज, दीड मीटर जाड वायर, क्लच आणि ब्रेकची एकेक मूठ, हेडलाइटचा बल्ब, चेनची गाडी असेल तर जोडकडी. आरआर युनिट जुनं असेल तर एक सुटं. ते हाताच्या तळव्याएवढं असतं आणि दोन बोल्टवर बसतं. गाडीसोबतच्या पान्यांनी मागचं चाक खरंच निघतं का, हे निघण्याआधी घरीच करून बघा. एक्सलचा नट सहसा त्या पान्याला दाद देत नाही, मग त्या मापाचा लांब दांड्याचा पाना सामानात घ्यावा लागतो.